‘इतर’ रकान्यातली कुस्ती

सोलापूर,
माघ वद्य चतुर्थी
(इंग्रजी तारीख तुझ्या फोनात असेलच)

चि. श्रीशैल यास दाजीचा आशीर्वाद पोचावा.

आमच्या आळीतली संस्कृती शिकायला तुमच्या झुरिकला चालली आहे (तिच्या नावावरून विनोद करण्याचा मोह मी आवरला आहे, तूही आवर). तिच्या बॅगेत दोन किलो शेंगाची चटणी, पंचवीस कडक भाकरी आणि हे पत्र बसवलं आहे. विमानवाले चटणीचं वजन धरतात, आशीर्वादाचं धरत नाहीत, म्हणून आशीर्वाद सढळ हातानं दिला आहे. तुझी प्रकृती बरी असेलच. थंडीत कान झाकतोस का, असं तुझ्या अव्वानं आईच्या काळजीनं विचारायला सांगितलं आहे. गेली आठ वर्षं ती हा प्रश्न विचारते आहे आणि तू उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझ्या बहिणीचा, म्हणजे सिद्धेश्वरीचा, गुडघा आणि माझ्या आठवीच्या वर्गाचं संस्कृत ही दोन्ही दुखणी जैसे थे असून कुणालाच बरं व्हायची घाई नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मुद्दा म्हणजे तुझा तक्ता. संक्रांतीच्या सुमारास तू घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता टाकलास: कोणत्या देशातले लोक कोणता खेळ सर्वांत जास्त बघतात. डावीकडे देश, मग पहिला खेळ, दुसरा खेळ, आणि शेवटी ‘इतर’ नावाचा एक अरुंद रकाना, ज्यात उरलेलं सगळं कोंबलेलं. भारतापुढे क्रिकेट, मग कबड्डी, आणि कुस्ती त्या अरुंद रकान्यात अंग चोरून उभी. खाली तू लिहिलंस, ‘जग कुठे चाललंय आणि आपल्या गावात अजून कुस्तीच!’ आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे दोन पिवळे चेहरे. तुला वाटलं असेल, चौदा माणसांचा ग्रुप, अंगठा दाखवतील आणि विसरून जातील. पण त्या चौदांत तुझा चुलत भाऊ अनिलकुमार आहे, तो मंद्रूपच्या यात्रा कमिटीचा सचिव आहे, आणि त्याच वेळी टेनिस बॉल क्रिकेटच्या गावातल्या एकमेव संघाचा कप्तानही आहे, हे तू विसरलास.

अनिलकुमारनं तुझा तक्ता सोलापुरात येऊन रंगीत छापला, त्यावर प्लास्टिक चढवलं आणि देवळाच्या सभामंडपात अभिषेकाच्या वेळापत्रकाशेजारी टांगला. आमच्या न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मंद्रूपात पाचवं सापडलं, ते म्हणजे परदेशातून आलेला, प्लास्टिक चढवलेला कागद. हे पहिल्या चारांना खोडून काढतं. (प्रदक्षिणा घालताना म्हाताऱ्या बायका त्यालाही हात लावून डोळ्यांना लावतात, असं तुझ्या अव्वाचं म्हणणं आहे. मी पाहिलेलं नाही, पण आता खालचा कोपरा हळदीनं पिवळा झाला आहे आणि त्यात फिनलंड दिसेनासा झाला आहे.)

मग कमिटीची बैठक झाली. मी गावचा जावई, मला बैठकीत मत नाही, चहा मात्र आहे, म्हणून गेलो होतो. अनिलकुमारनं ठराव मांडला की यंदापासून यात्रेच्या दुसऱ्या दिवशीचं कुस्तीचं मैदान बंद करून क्रिकेटचे सामने ठेवावेत. तुझे अप्पा कोपऱ्यात बसले होते. चाळीस वर्षं त्या मैदानात जोड लावायचं काम त्यांच्याकडे आहे, म्हणजे कुठल्या पोराला कुठल्या पोराशी लढवायचं हे अप्पांनी सांगायचं आणि गावानं मानायचं. आठ दिवसांपूर्वीच त्यांनी आखाड्याची लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद आणि दीडशे लिंबं जिरवली होती. ते उठले, तक्त्यापुढे जाऊन उभे राहिले, चष्मा चढवला आणि मला म्हणाले, “मास्तर, ह्यात कुस्ती कुटं हाय?”

मी बोट दाखवलं. म्हटलं, “इतरमध्ये.”

“इतर म्हंजी?”

“म्हणजे, बाकीचे.”

“आमी बाकीचं व्हय?” असं म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग तक्त्याच्या तळाशी तुझं नाव छापलं होतं, तिथं उगाच हात फिरवला. एवढंच. मी ही गोष्ट अलिप्तपणे नोंदवतो आहे, तूही तशीच वाच.

अनिलकुमार म्हणाला, “काका, राग धरू नगा. जग कुटं चाललंय बगा की!” अप्पा म्हणाले, “जाऊ दे की. जगाला कोन आडवतंय? मला एवडंच सांग, क्रिकेटात जोड कोन लावतं?” अनिलकुमार म्हणाला, टॉस करतात. यावर अप्पांनी ज्या नजरेनं त्याच्याकडे बघितलं तिचं वर्णन करण्याइतकं माझं संस्कृत चांगलं नाही.

शेवटी अध्यक्ष ईश्वरप्पा यांनी तोड काढली. (त्यांनी आयुष्यात एकाही भांडणाचा निकाल लावलेला नाही, म्हणून प्रत्येक भांडण त्यांच्याकडे जातं.) ते म्हणाले, “दोनी लावा. एका टायमाला लावा. बांधाच्या हिकडं कुस्ती, तिकडं क्रिकेट. मान्सं मोजा. ज्याला जास्ती, त्ये फुडल्या साली ऱ्हाईल.” आणि मोजणार कोण? तर मास्तर. कारण, ईश्वरप्पांच्या शब्दांत, “त्यांना ह्यातलं बी कळत न्हाई आन् त्यातलं बी न्हाई, मंजी माणूस सरळ हाय.” निःपक्षपातीपणाची इतकी नेमकी व्याख्या मी ग्रंथांत वाचली नव्हती.

आता तुमच्याकडे प्रेक्षक मोजणं सोपं. दारात तिकीट, तिकिटावर आकडा. मंद्रूपच्या यात्रेत तिकीट काढलं तर देव रागावेल आणि त्याच्या आधी माणसं रागावतील. म्हणून मी, शास्त्रशुद्ध विचार करून, प्रसादाची योजना मांडली. दोन्ही मैदानांच्या वाटेवर एकेक टेबल. प्रत्येक टेबलावर चुरमुरे-खोबऱ्याची मोजून पंधराशे पुडकी. जो बघायला येईल त्याच्या हातात एक पुडकं. संध्याकाळी उरलेली पुडकी वजा केली की प्रेक्षकसंख्या हाती. योजना सर्वांना आवडली, आणि माझी योजना सर्वांना आवडते तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. कारण प्रसाद नाकारणारा माणूस आपल्याकडे जन्मला नाही, आणि एकच प्रसाद घेऊन घरी जाणाराही जन्मला नाही. कुस्तीची पहिली जोड दुपारी दोनला लागायची होती. साडेअकराला दोन्ही टेबलं रिकामी होती. म्हणजे मोजणीनुसार एकही लंगोट बांधला जायच्या आधीच पंधराशे लोकांनी कुस्ती बघून संपवली होती, आणि तितक्याच लोकांनी क्रिकेटही. जगातल्या कुठल्याही देशाला हा आकडा गाठता येणार नाही, तुझ्या तक्त्यात घाल.

चिमाबाईला तर मी दोन्ही टेबलांवर प्रत्यक्ष पकडलं. (चिमाबाई म्हणजे तुमच्या शेजारच्या, ज्यांच्या कैऱ्या तू चोरायचास आणि ज्यांना ते माहीत होतं.) म्हटलं, “अहो, तुम्ही एकदाच मोजायच्या आहात.” त्या म्हणाल्या, “देवाचं हाय, न्हाई कसं म्हनू? आन् मला दोनदा मोजलास तर काय बिगडलं, मी काय बारीक हाय व्हय?” वर घरच्यासाठी म्हणून आणखी दोन नेली. मी विचारलं, घरी कोण आहे? म्हणाल्या, कोनी न्हाई, पन कोन तरी येतंयच की.

तेव्हा प्रत्यक्ष डोकी मोजणं आलं. दोन शेतांच्या मधल्या बांधावर खुर्ची टाकून बसलो. उंबरठ्यावरच्या दिव्याचा उजेड घरातही पडतो आणि अंगणातही, याला आम्ही देहलीदीपन्याय म्हणतो. मी तसा बसलो होतो, फक्त उजेड पडत नव्हता, ऊन पडत होतं. कुस्तीकडे मी मोजली चारशे दहा माणसं. मग नीट बघितलं तर निम्म्यांच्या माना खाली. त्या दिवशी नेमकी भारताची मॅच होती आणि हलगीच्या कडकडाटात, आखाड्याच्या कडेला मांडी घालून, मंडळी फोनवर क्रिकेट बघत होती. क्रिकेटकडे वळलो. तिथं तीनशे चाळीस. पण त्यातल्या मोठ्या वर्गाची पाठ खेळपट्टीकडे. हलगी वाजली की ती बांधावर चढून कुस्तीकडे बघत, विकेट पडली की वळून टाळ्या वाजवत, आणि कुणाची पडली हे शेजाऱ्याला विचारत.

सीमारेषेवर उभा राहिलेला मंजुनाथ (अनिलकुमारच्या संघाचा, दूधडेअरीत असतो तो) चेंडू आणायला बांध ओलांडून इकडे आला. चेंडू आखाड्याच्या कडेला पडला होता. आत दोन पोरं एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभी होती, मंजुनाथ जरा थांबला. वीस मिनिटांनी मी त्याला चेंडूची आठवण केली, तर म्हणाला, “थांबा की मास्तर, आत्ता पाडतंय बगा.” त्याला शोधायला कप्तान अनिलकुमार स्वतः आला. येताना तोंडात शिव्या होत्या. मग त्या थांबल्या. मग तोही मंजुनाथशेजारी उकिडवा बसला आणि थोड्या वेळानं मला त्याचा आवाज ऐकू आला, “आरं पट काढ, पट काढ की तेच्या!” पलीकडे खेळपट्टीवरच्या दोघांनी तेवढ्या वेळात नऊ धावा पळून काढल्या आणि पंचानं त्या दिल्या, कारण नियमात चेंडू परत यायची मुदत कुठं लिहिलेली नाही.

या सगळ्यात माणसं किती जमली याकडे एकदाही न बघणारा एकच माणूस होता. तुझे अप्पा. पोरगं पुढे आलं की त्याचं मनगट दाबून बघायचं, मानेवरून हात फिरवायचा, सकाळी काय खाल्लंस विचारायचं, उत्तर खोटं आहे हे ओळखायचं, आणि गर्दीत दूर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका पोराकडे बोट करायचं. त्या दिवशी त्यांनी बत्तीस जोड्या लावल्या. संध्याकाळी मला म्हणाले, “मोजलासा?” म्हटलं, मोजली, पण जमत नाही. म्हणाले, “मान्सं मोजून काय करतासा? जत्रा हाय, येत्यातच. बत्तीसातली एक बी कुस्ती फुकट पडली न्हाई, समदी घाम काढून पडली. त्ये लिवा.”

मी लिहिलं. अहवालाचा निष्कर्ष असा आहे: मंद्रूपात सर्वांत जास्त बघितला जाणारा खेळ म्हणजे बांधापलीकडचा. ईश्वरप्पांना हा निष्कर्ष अतिशय आवडला, कारण त्यातून काहीच निकाल निघत नाही. अनिलकुमारला नाही आवडला. तो म्हणाला, मंद्रूपचं सोडा मास्तर, जगाचं बोला, तक्ता जगाचा हाय. म्हणून मग मला, ज्यानं आयुष्यात अमरकोशापलीकडे कुठली यादी पाठ केली नाही त्याला, जगातले खेळ बघत बसावं लागलं. (सिद्धेश्वरीला वाटतं मला छंद लागला. मी तिला सांगितलं, हा तुझ्या भावाचा उपद्व्याप आहे.)

आणि काय सांगू! अमेरिकेत ज्याला पायाचा चेंडू म्हणतात तो बहुतेक वेळ हातात असतो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. फिलिपाईन्सची माणसं बेताच्या उंचीची, पण अख्खा देश बास्केटबॉलवर जीव टाकतो. म्हणजे जे आपल्यात नाही ते बघायला माणूस जातो, असा सिद्धांत मी मांडला. मग आयर्लंड वाचलं आणि सिद्धांत मोडला: तिथं ऐंशी हजार लोक ज्यांना बघायला येतात ते खेळाडू बिनपगारी असतात आणि त्यांतले कितीतरी सोमवारी शाळेत शिकवायला जातात, म्हणजे जे रोज दिसतं तेच बघायलाही माणूस जातो. (मला बघायला अजून कुणी आलेलं नाही.) सेनेगलमध्ये कुस्तीला मैदानं भरतात. मंगोलियात पैलवान जिंकला की गरुडासारखे हात पसरून नाचतो. तुझ्या तक्त्यात हे दोन देशच नव्हते. नसायला हरकत नाही, जगात देश फार आहेत. पण श्रीशैल, एक देश असा होता की जो तू सोडायला नको होतास, कारण तू त्यात राहतोस.

तुझ्या स्वित्झर्लंडपुढे तू फुटबॉल आणि बर्फावरची हॉकी लिहून मोकळा झालास. अरे, तुमच्याकडे दर तीन वर्षांनी कुस्तीचा मोठा उत्सव भरतो! लाकडाच्या भुशाचा आखाडा, पन्नास हजारांवर माणसं, पॅंटवर गोणपाटाच्या चड्ड्या चढवलेले दूधवाल्यांसारखे दिसणारे पैलवान, आणि पहिल्या नंबराला एक जिवंत बैल. जिंकणारा हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हातानं झाडतो. आठ वर्षं तू तिथं आहेस आणि तुला मंद्रूपची कुस्ती हसण्यासारखी वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तुझा दिवाही बराच महाग आहे म्हणे.

त्या कुस्तीचा व्हिडिओ मी अप्पांना दाखवला. तीन वेळा बघितला. तिसऱ्यांदा म्हणाले, “जोड चुकलीया. ह्यो उंच पोरगा तेच्यावर घालायचा नव्हता.” मग बैलाची चौकशी केली (वशिंड नाही याचं त्यांना वाईट वाटलं). मी त्यांना सांगितलं की तिथंही चिठ्ठ्या टाकत नाहीत, फेरीगणिक जोड लावायला जाणती माणसं बसतात. “तितं बी कोन तरी बसतंय व्हय,” एवढंच म्हणाले आणि तंबाखूची डबी उघडून तशीच मिटली.

असो. पत्र लांबलं. चटणी उन्हात ठेवू नकोस, म्हणजे तुमच्याकडे ऊन पडलंच तर. कान झाकत जा आणि झाकतोस असं अव्वाला एकदा कळव. इथं तुझ्या भल्याची इच्छा करणारी माणसं बरीच आहेत, त्यांतला सर्वांत कमी उपयोगाचा मी,

तुझा दाजी,
पंचाक्षरी

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलं. सोमवारी कमिटीची शेवटची बैठक आहे. सभामंडपातला तक्ता उतरवायची कुणाची छाती नाही, कारण ईश्वरप्पांचं म्हणणं, स्वित्झर्लंडहून आलेलं स्वित्झर्लंडहून आलेल्यानंच खोडावं. तरी तू एक दुरुस्त तक्ता पाठव. त्यात स्वित्झर्लंडच्या ओळीत कुस्ती घाल, आणि ‘इतर’ हा रकाना काढून टाक. प्लास्टिक मी इथं चढवून घेईन.

पुन्हा ता. क. : संस्कृतीचं विमान गुरुवारी आहे असं आत्ता कळलं. म्हणजे सोमवार होऊन गेल्यावर तुला हे मिळेल, तेव्हा वरचा ताजा कलम रद्द समज. फोन करता आला असता; पण मागच्या वेळी तू मीटिंगमध्ये बसून अकरा वेळा ‘हो दाजी’ म्हणालास आणि मी काय विचारलं ते तुला अजून माहीत नाही. शिवाय हे मला फोनवर बोलता येणार नाही. सिद्धेश्वरीनं मला सांगितलं. तू अकरा वर्षांचा असताना अप्पांनी याच मैदानात तुझी जोड लावली होती. पोरगं जड होतं, हलगी सुरू व्हायच्या आत तू खाली होतास, लोक हसले. तू माती न झाडता घरी गेलास, पुस्तक उघडलंस आणि पुन्हा त्या मैदानात पाऊल टाकलं नाहीस. (त्याचं फळ म्हणजे स्वित्झर्लंड, तेव्हा नुकसान झालं असं मी तरी म्हणणार नाही.) पण तुझा तक्ता म्हणजे त्या दिवसाचं उत्तर, असं अप्पांनी धरलं आहे. मी सांगितलं, तो दर रविवारी असलं काहीतरी पाठवतो, मागच्या आठवड्यात कोणता देश किती कॉफी पितो ते होतं. त्यांना पटलेलं नाही. तेव्हा फोन मला करू नकोस, त्यांना कर. खेळाबद्दल काही बोलू नकोस. काय बोलायचं ते मला सुचत नाही, आणि सुचलं असतं तरी ते संस्कृतात असतं.

अखेरचा ता. क. : अप्पा आत्ताच आणखी भाकरी घेऊन मंद्रूपहून आले. टेबलावर पत्र दिसलं. “माजं काय लिवलंय?” म्हणाले. मी वाचून दाखवू लागलो, वरचा परिच्छेद गाळून. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. मग माझं पेन घेतलं. पुढच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत.

श्रीशैल, तवा जोड माजी चुकली हुती. तुजी काय चूक नव्हती. त्ये पोरगं तुज्यापरीस दोन वरसानं थोर हाय ह्ये मला म्हाईत हुतं. माजं पोरगं कुनाला बी पाडंल आसं मला वाटलं. मैदान ऱ्हाईल न्हाई तर ऱ्हानार न्हाई. तू कवा येतूस.

(हे कंसातलं वाक्य तुला पेन्सिलीत दिसेल, कारण माझं पेन ते खिशाला लावून मंद्रूपला घेऊन गेले.)